गोव्यातलं पोलीस ठाणं: आपण सांगतो एक, कागदावर उतरतं काय?

कुळागरातली

गेल्या महिन्यात आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ती देवळातून घरी येत होती. वाट रोजचीच. पिंपळाच्या वळणावर मागून मोटरसायकल आली, मागे बसलेल्याने हात घातला आणि हिसका दिला. आई गटारात पडली. मानेवर लाल वळ, कोपर सोललेलं, एक चप्पल रस्त्याच्या मध्यावर. मंगळसूत्र लग्नातलं होतं, सत्तेचाळीस वर्षं गळ्यात असलेलं.

तासाभरात आम्ही ठाण्यात होतो. उत्तर गोव्यातलं ठाणं आहे. नाव देत नाही, कारण प्रश्न त्या एका ठाण्याचा नाही. वागणूक चांगली मिळाली, हे आधीच सांगते. ड्युटीवरच्या पोलिसाने आईला खुर्ची दिली. "माई, बस हांगा, उदक जाय?" (बस इथे, पाणी हवं का?) असं विचारलं. आरोग्य केंद्रात तपासणीसाठी सोबत एक महिला कॉन्स्टेबल दिली. आईची भीती तिथेच अर्धी कमी झाली.

मग जबाब सुरू झाला. विचारणारा कोकणीत विचारत होता, आई अर्धं मराठी अर्धं कोकणी बोलत होती आणि संगणकावर सगळं इंग्रजीत उतरत होतं. पाऊण तासाने कागद छापून आला. आईने चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि जिथे बोट दाखवलं तिथे सही केली. गोवामुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात आमच्या गावात मराठी शाळा आली. तिथे सातवीपर्यंत शिकलेली ती बाई. रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. पण त्या कागदावरचं तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

रात्री घरी मी तो वाचला. मोटरसायकल निळी होती, कागदावर काळी झाली. पिंपळाचा वड झाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मजकुराचा अर्थ असा निघत होता की आई रस्त्यात पडली आणि पडलेली असताना कुणीतरी मंगळसूत्र चोरून नेलं. जणू तिचा आपणच तोल गेला! हिसका नाही, ओढणं नाही, मानेवरचा वळ नाही.

मुद्दाम कुणी केलं असं मला वाटत नाही. ऐकणारा एका भाषेत ऐकतो, लिहिणारा दुसऱ्या भाषेत लिहितो, त्यात माणसाचं म्हणणं निसटतं. पण उद्या कोर्टात आईला हाच कागद दाखवतील आणि विचारतील, तुम्हीच असं सांगितलंत ना?

गोव्यात मराठी बोलणारी, वाचणारी एवढी माणसं आहेत. तुमच्या ठाण्यात काय होतं? जबाब वाचून दाखवतात का? आणि आता ही चूक दुरुस्त कशी करायची?

बत्तीस_वर्षं_नोकरी

ताई, आधी माईंची तब्येत कशी आहे ते कळवा. मान हिसकली असेल तर दुखणं दोन-तीन दिवसांनी वर येतं. पुन्हा डॉक्टरला दाखवा आणि तो कागद जपून ठेवा.

मी गोवा पोलिसांत कॉन्स्टेबल म्हणून लागलो आणि हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालो. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. आमच्याकडे भरतीच्या जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम असं लिहिलेलं असतं. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला दोन्ही भाषा कळतात. कागद मात्र इंग्रजी, कारण तो पुढे कोर्टात जातो, वरच्या साहेबांकडे जातो, संगणकातले रकाने इंग्रजीत आहेत. नवा मुलगा असला की त्याचं सगळं लक्ष इंग्रजी वाक्य जुळवण्याकडे लागतं. माणूस काय सांगतोय ते मागे पडतं. मी स्वतः पहिली काही वर्षं हेच केलंय. एकदा एका पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल चोरीला गेली. पाव भरलेल्या पाटीसकट. मी लिहिलं फक्त सायकल. महिन्याभराने सायकल मिळाली ती एका पडक्या घरामागे, आणि ओळख पटली ती त्या पाटीला शिवलेल्या निळ्या प्लास्टिकवरून. कागदावर पाटी नव्हतीच. तेव्हा आमच्या जमादारांनी मला एक सवय लावली. टाइप करण्याआधी साध्या वहीत माणसाच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, त्याला वाचून दाखवायचं, मग इंग्रजी करायचं. दहा मिनिटं जास्त जातात. शेवटच्या दिवसापर्यंत मी तसंच केलं.

पण ती दहा मिनिटं ठाण्यात असतात का, हेही लोकांनी समजून घ्यायला हवं. तुमच्या ठाण्यात कागदोपत्री जितकी माणसं आहेत, त्यातली किती त्या दिवशी खरंच ठाण्यात असतात? चवथीला विसर्जन, शिगमोत्सवाच्या मिरवणुका, कार्निव्हल, 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, नाताळ ते 31 डिसेंबर किनाऱ्यावर, मधे कुणी मोठा पाहुणा येतो, मधे निवडणूक. 2014-15 च्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला मी जुन्या गोव्यात होतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत राज्यभरातून माणसं तिथे ओढली होती. मागे गावच्या ठाण्यात एक ड्युटीवाला, एक वायरलेसवाला, एक लॉकअपवाला. त्याच वेळी तुमच्या आईसारखी कुणी आली तर तिला पाऊण तास मिळाला हेच पुष्कळ.

चूक झाकत नाही. ती कशी होते ते सांगतोय.

काळा_कोट_पणजी

मी फौजदारी वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं स्पष्ट सांगतो.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम 173 सांगतं की तोंडी माहिती पोलिसांनी लिहून घ्यायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची. हे नवीन नाही, जुन्या कलम 154 मध्येही होतं. आता वाचून दाखवणं म्हणजे ज्या भाषेत माणसाला कळत नाही त्या भाषेत भरभर वाचून मोकळं होणं नव्हे. कळेल असं वाचलं तरच त्या सहीला अर्थ. एफआयआरची प्रतही विनामूल्य मिळते, तो तक्रारदाराचा आणि पीडिताचा हक्क आहे.

तुमच्या आईच्या बाबतीत शब्दाला किती किंमत आहे बघा. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम 303 मध्ये येते. अंगावरून हिसकावून नेणं हा कलम 304 खाली आता वेगळा गुन्हा आहे. आणि चोरी करताना जाणूनबुजून दुखापत केली तर ती जबरी चोरी होऊ शकते, कलम 309, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. "पडली असताना चोरून नेलं" आणि "ओढून पाडलं" या दोन वाक्यांत एवढं अंतर आहे.

दुरुस्तीसाठी एफआयआर खोडता येत नाही. पुरवणी जबाब द्यायचा. आईंनी स्वतःच्या हाताने मराठीत अर्ज लिहावा: काय घडलं, कागदावर काय चुकलं, मानेवरच्या जखमेचा वैद्यकीय कागद सोबत जोडला आहे. दोन प्रती करा आणि एकीवर ठाण्याचा शिक्का व आवक क्रमांक घ्या. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली, पण सरकारी कामात मराठीच्या वापराचीही त्याच कायद्यात तरतूद आहे. मराठीतला अर्ज परत करायचं काहीच कारण नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. तपासात पोलीस जो साक्षीदाराचा जबाब घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181 तसं सांगतं. सही नाही म्हणून लोक तो वाचायलाही मागत नाहीत. उलट सही नसते म्हणूनच शब्द न् शब्द ऐकून घ्यायला हवा.

कुळागरातली

@बत्तीस_वर्षं_नोकरी, काका, आई बरी आहे. मान अजून वळत नाही नीट. तुमचा पोदेराचा किस्सा तिला वाचून दाखवला, ती म्हणाली, "बघ, ह्यांना कळतं." @काळा_कोट_पणजी, मनापासून आभार. अर्जाचं आजच बसते. आईला पुन्हा ठाण्यात न्यायला लागेल का? तिची तयारी दिसत नाही.

काळा_कोट_पणजी

नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे स्त्रीला, तसंच 15 वर्षांखालच्या किंवा 60 वर्षांवरच्या पुरुषाला साक्षीसाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. त्या स्वतःहून गेल्या तर गोष्ट वेगळी. अर्जात तशी विनंती एका ओळीत लिहा.

पर्वरीत_नवी

मी कुडाळची, नोकरीसाठी चार वर्षांपूर्वी पर्वरीला आले. ठाण्याशी माझा संबंध आला तो भाडेकरू पडताळणीमुळे. घरमालक म्हणाले, फॉर्म भरल्याशिवाय चावी देणार नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं बरं झालं.

सांगायचंय ते रांगेतलं. माझ्या पुढे बांधकामावरचे तीन मजूर होते, ओडिशाकडचे. त्यांना ना कोकणी, ना मराठी, हिंदी मोडकीतोडकी. मुकादम त्यांना सोडून निघून गेला होता. खिडकीतल्या कॉन्स्टेबलने पहिल्यांदा आवाज चढवला, मग थांबला. स्वतःचा फोन काढून भाषांतराचं अॅप लावलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. एक मुलगा फोनमध्ये बोलला, फोनने हिंदीत सांगितलं. गावाचं नाव, जिल्ह्याचं नाव, वडिलांचं नाव. पंधरा मिनिटं गेली. मागे रांग कुरकुरत होती. त्या कॉन्स्टेबलने मान वर न करता सांगितलं, "ह्यांचं झाल्याशिवाय पुढचं घेणार नाही."

आपण मराठीसाठी बोलतोय ते योग्यच आहे. पण गोव्यातली घरं बांधणारी, होड्यांवर जाळी ओढणारी, हॉटेलात भांडी घासणारी माणसं आज झारखंड, ओडिशा, बिहार, कर्नाटकातून आलेली आहेत. त्यांच्यावर अन्याय झाला तर ते ठाण्याची पायरी चढतच नाहीत. चोरी झाली की मात्र पहिला संशय त्यांच्यावर. भाषेचा प्रश्न त्यांच्या बाजूनेही बघायला हवा.

सत्तरीचा_गडी

तुमचं सगळं पणजी-पर्वरीकडचं. आमच्या सत्तरीत आधी ठाण्यापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न. तालुका पसरलेला, ठाणं वाळपईला. सुर्लाचा माणूस घाटमाथ्यावर. तो चोर्ला घाट उतरून येणार. पावसात धुकं, दरडी, फोनला रेंज नाही. 112 लावा म्हणून सांगतात, लावायला आधी टेकडीवर चढावं लागतं.

आमच्याकडे ठाणं म्हणजे बीटवरचा माणूस. तो गावात येऊन देवळाच्या मंडपात बसला, चहा घेतला, शेतकऱ्याच्या तोंडून रानडुकरांचं ऐकलं, की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. अशा एका हवालदाराला आमच्या वाड्यावर अजून नावाने हाक मारतात, बदली होऊन वर्षं झाली तरी. घरातल्या म्हातारीचं पेन्शनचं पुस्तक हरवलं तर त्याने शोधून दिलेलं.

पण दुसरी बाजूही सांगतो, ती न सांगता पुढे जाता येणार नाही. 2021 च्या जानेवारीत शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जमिनीच्या मोजणीवरून जे झालं, ते सत्तरी विसरलेली नाही. बायका रस्त्यावर बसल्या होत्या. पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, अश्रुधूर झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. नंतर सरकारने प्रकल्प मागे घेतला. पण ज्या पोलिसाला तुम्ही चहा दिलात तोच काठी घेऊन समोर उभा दिसला, की पुढच्या वेळी कपबशी काढताना हात थांबतो. त्यालाही वरून हुकूम, तोही कुणाचा मुलगा. हे मला कळतं. आईला कळत नाही.

आजोबांचा_नातू

पेडण्याचा आहे. आजोबा ठाण्याला शेवटपर्यंत क्वार्तेल म्हणायचे. पोर्तुगीज काळातला शब्द. 18 जून 1946 ला मडगावात राममनोहर लोहियांची पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सभा झाली तेव्हा ते तरुण होते. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांच्या ओळखीची माणसं उचलली गेली, आग्वादच्या तुरुंगात गेली. पोर्तुगीज पोलिसांतल्या आजेंत (एजंट) मोंतेरोचं नाव घेतलं की घरातली माणसं दार लोटून घ्यायची, असं ते सांगत. कासिमिरो मोंतेरो. सत्याग्रहींचा छळ करणारा म्हणून त्याचं नाव गोव्यात आजही जुनी माणसं जाणतात.

मुक्तीनंतर कितीतरी वर्षं आजोबा ठाण्यासमोरून जाताना टोपी काढायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा लहानपणी मी विचारलं, तर म्हणाले, "सवय."

त्या क्वार्तेलातही कागद परक्या भाषेतच व्हायचे, पोर्तुगीजमध्ये. रेजिदोराने, म्हणजे गावच्या पोर्तुगीज अंमलदाराने, जे लिहिलं तेच खरं, आपण अंगठा द्यायचा. म्हणून कुळागरातली ताईंचं लिहिणं वाचून माझ्या मनाला लागलं. भाषा बदलली, सहीसाठी दाखवलेलं बोट तेच राहिलं.

किनाऱ्यावरून

माझी तक्रार वेगळी. आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर एक पार्टीची जागा आहे. नियम सगळ्यांना माहीत, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. घरात सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलीची दहावी. रात्री साडेअकराला फोन केला. गाडी आली, आवाज कमी झाला, गाडी गेली, आवाज परत वर. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी फोन केला तेव्हा पलीकडून विचारलं, तुम्हीच का परत? मी म्हटलं, होय, मीच. घर माझंच आहे.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. तारीख, वेळ, कुणाशी बोलले, गाडी किती वाजता आली. वाड्यावरच्या नऊ घरांनी त्यावर सह्या केल्या आणि पंचायतीत, ठाण्यात, जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी दिल्या. त्यानंतर फरक पडला, पूर्ण नाही. वहीत लिहिलेलं होतं म्हणून कुणाला नाकारता आलं नाही. कुळागरातली ताई, तुमच्या आईंच्या अर्जाचंही तसंच ठेवा. कोण आलं, कधी आलं, काय म्हणालं, सगळं लिहा.

हद्दीचा_वाद

आमचा वाद शेजाऱ्याशी, पायवाटेवरून. ठाण्यात गेलो की "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत. चार फेऱ्या मारल्या. पोलीस काहीच करत नाहीत का?

बत्तीस_वर्षं_नोकरी

दादा, ठाण्यात रोज येणाऱ्या माणसांत मोठा भाग याच वादांचा असतो. पायवाट, कुंपण, माडाच्या झावळ्या, मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर, पाण्याचा पाट. मुंडकाराचा हक्क 1975 च्या कायद्याखाली मामलेदाराकडे ठरतो. पायवाटेचा हक्क दिवाणी कोर्टात. पोलिसाने तिथे हुकूम दिला तर तो बेकायदा. आम्ही करू शकत होतो ते एवढंच की दोघांना समोर बसवायचं, मारामारी होऊ द्यायची नाही, अदखलपात्र नोंद करून तिचा कागद हातात द्यायचा, आणि पुढे कुठल्या दारात जायचं ते नीट सांगायचं. "सिव्हिल मॅटर" एवढे दोन शब्द टाकून माणसाला परत पाठवणं हे मात्र बरोबर नाही. कुठल्या दारात, कोणता कागद घेऊन, हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

जमिनीचा दुसरा प्रकार वेगळा. खोटे दस्त करून, मेलेल्या माणसाच्या नावाने जमीन विकली असेल, तर तो सरळ गुन्हा आहे. 2022 मध्ये अशा प्रकरणांसाठी गोव्यात विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्यातल्या कितीतरी जमिनींचे मालक परदेशात, दस्त पोर्तुगीजमध्ये. तुमचं तसं काही असेल तर वाट बघू नका.

लईराईचा_धोंड

एक सांगावंसं वाटलं. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. मी व्रतस्थ धोंड, म्हणजे देवीचा व्रत घेतलेला भक्त, हातात वेताची काठी, त्या उताराच्या खालच्या बाजूला होतो. माणसं दगावली. अजून रात्री तो आवाज येतो.

बंदोबस्ताला पोलीस होते. पण बंदोबस्ताला बाहेरून आणलेल्या माणसाला त्या वाटेचा उतार कुठे सुरू होतो, कुठे अरुंद होते, होमकुंडाकडून परतणारे कुठल्या बाजूने येतात, हे कसं कळणार? आमच्या गावातल्या पोरांना ते डोळे मिटून कळतं. जत्रेआधीच्या बैठकीत समितीचे लोक, पंच, अधिकारी बसतात. त्या बैठकीला बीटवरचा पोलीस आणि गावातली चार पोरं यांनी आधी एकदा ती वाट रात्रीच्या वेळी पायी चालून यावं, एवढंच माझं मागणं आहे. या धाग्याच्या विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. पण ऐकून घेणं हाच विषय असेल तर आहे.

पर्वरीत_नवी

धरून आहे दादा. लिहिलंत ते बरं केलंत.

बाबांसाठी

थोडक्यात, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बाबांना व्हिडिओ कॉल आला, पोलिसाच्या गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीतून हलू नका." बाबा निवृत्त शिक्षक, आयुष्यात कधी कायदा मोडला नाही, म्हणूनच घाबरले. दोन लाख पाठवले. बहीण योगायोगाने घरी आली. तिने ताबडतोब 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, मग रायबंदरच्या सायबर ठाण्यात गेली. लवकर कळवल्यामुळे काही रक्कम बँकेत अडवता आली.

डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. हे आमच्या गावच्या ठाण्यातल्या पोलिसाने बाबांना घरी येऊन, समोर बसून सांगितलं, तेव्हा बाबांना पटलं. आम्ही मुलांनी शंभरदा सांगून पटलं नव्हतं. खऱ्या गणवेशातला माणूस साध्या खुर्चीवर बसून कोकणीत बोलला म्हणून खोट्या गणवेशाची भीती गेली.

काळा_कोट_पणजी

मघाशी राहिलेलं लिहितो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. 3 ते 7 वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत आता 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण तीही वरिष्ठांच्या परवानगीने. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. नाकारला तर लेखी अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे. तपास कुठवर आला ते 90 दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं, हेही आता कायद्यात आहे. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी विचारा.

ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, हे 2020 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलेलं आहे. गैरवर्तन झालं तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य मानवी हक्क आयोग आहे. पण माझ्या अनुभवात दहापैकी आठ जणांना एवढं लांब जायची वेळ येत नाही. पहिल्या टेबलावरचा कागद नीट झाला तर.

कुळागरातली

सगळ्यांना कळवते.

आईने अर्ज स्वतः लिहिला. दोन दिवस लागले. पहिला कच्चा लिहिला, मग वहीच्या रेघांच्या कागदावर पक्का. मला हात लावू दिला नाही, फक्त मंगळसूत्राचं वजन सराफाच्या पावतीवरून मी सांगितलं. ठाण्यात मी नेऊन दिला. काउंटरवरचा पोलीस आधी म्हणाला, इंग्रजीत आणा. मी शांतपणे सांगितलं की कायद्याने मराठी चालते आणि आई एवढंच लिहू शकते. त्याने आत जाऊन विचारलं. पाच मिनिटांनी येऊन शिक्का मारला आणि आवक क्रमांक घातला.

चौथ्या दिवशी तपास अधिकारी आणि तीच महिला कॉन्स्टेबल घरी आले. आईने आधी त्यांना कोकम सरबत दिलं, मग बसली. त्यांनी नवा जबाब हाताने लिहिला, मराठीत. अधिकाऱ्याचं अक्षर चांगलं आहे. शाळेत मराठी होतं म्हणाले. त्या कॉन्स्टेबलने आईच्या मानेवरचा वळ पुन्हा बघितला आणि कागदात घालायला लावला.

लिहून झाल्यावर त्यांनी वाचायला सुरुवात केली. आई म्हणाली, "मला द्या, मी वाचते." चष्मा पुसला, कागद खिडकीजवळ धरला आणि ओळीखाली बोट ठेवत वाचत गेली. मोटरसायकल निळी. हिसका देऊन ओढलं. गटारात पडले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं.

"इथे वड लिहिलाय. पिंपळ आहे तो, गोल दगडी पार असलेला. माझ्या सासूने बांधून घेतलेला."

अधिकाऱ्याने खिशातून पेन पुन्हा काढलं.